शेअर्ड लायब्ररी जोडताना या चुका टाळा

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर कारखान्यासाठी मी जकार्ड मागावरच्या नक्षीचा छोटा प्रोग्राम लिहिला. चित्राची फाइल वाचायला लिबपीएनजी ही शेअर्ड लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात अशी तयार कोडची फाइल, वापरली होती. माझ्या डेबियनवर सगळं सुरळीत बिल्ड झालं. कारखान्यातल्या उबुंटूवर मात्र 'अनडिफाइन्ड रेफरन्स'च्या, म्हणजे फंक्शन सापडत नसल्याच्या, ओळीच ओळी! लायब्ररी तिथे होती, कोडही तोच होता. चुकला होता तो कमांडमधल्या नावांचा क्रम.

मेकफाइलमध्ये, म्हणजे मेक या बिल्ड करणाऱ्या साधनाच्या सूचनांच्या फाइलमध्ये, मी 'डॅश एल पीएनजी' (लिबपीएनजी जोडा) हे एलडीफ्लॅग्ज या व्हेरिएबलमध्ये लिहिलं होतं. मेकच्या ठरलेल्या नियमात एलडीफ्लॅग्ज ऑब्जेक्ट फाइलींच्या (कंपाइल झालेल्या कोडच्या) आधी येतात आणि एलडीलिब्ज नंतर. उबुंटूचा कंपायलर जीसीसी, उबुंटूच्या 2011 मधल्या 11.10 आवृत्तीपासून, तुकडे जोडणाऱ्या लिंकरला 'ॲज-नीडेड' (गरज असेल तरच जोड) हा पर्याय आपणहून देतो. लिंकर डावीकडून उजवीकडे वाचत जातो. लायब्ररी समोर आली तेव्हा तिचं एकही फंक्शन कुणी मागितलेलं नसेल, तर तो तिला सोडून देतो. म्हणून लायब्ररीची नावं एलडीलिब्जमध्येच लिहा. स्टॅटिक लायब्ररीला, म्हणजे जिचा कोड प्रोग्राममध्येच भरला जातो तिला, तर हा क्रम कुठल्याही लिनक्सवर लागू होतो.

दुसरी चूक सर्वांत जास्त छळते, कारण बिल्ड निमूटपणे पार पडतो. 'डॅश कॅपिटल एल' या फ्लॅगने दिलेला फोल्डर फक्त लिंक करताना पाहिला जातो. प्रोग्राम चालवताना लायब्ररी शोधणारा लोडर वेगळा असतो, त्याला त्या फोल्डरचा पत्ताच नसतो. मग 'कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल' हे उत्तर येतं. अशा वेळी बरेच जण एलडी लायब्ररी पाथ, म्हणजे लोडरने कुठे शोधायचं हे सांगणारं व्हेरिएबल, थेट बॅशआरसीत (टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या फाइलीत) टाकतात. तसं करू नका. तो त्या टर्मिनलमधून सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला लागू होतो आणि एखाद्याला भलतीच आवृत्ती मिळते. लायब्ररी सिस्टिमभर वापरायची असेल, तर तिचा फोल्डर एलडीकॉन्फिगच्या, म्हणजे लोडरसाठी लायब्ररींची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या, यादीत घाला. ती फक्त आपल्याच प्रोग्रामची असेल, तर आरपाथ, म्हणजे प्रोग्रामच्या फाइलीतच लिहिलेला शोधाचा पत्ता, द्या. त्यात 'डॉलर ओरिजिन' लिहिलं, की लोडर प्रोग्रामच्या स्वतःच्या फोल्डरपासून शोध घेतो आणि अख्खा फोल्डर दुसरीकडे हलवला तरी काही बिघडत नाही. मेकफाइलमध्ये मात्र डॉलर दोनदा लिहा आणि शब्द एकेरी अवतरणात ठेवा, नाहीतर मेक किंवा शेल तो गिळून टाकतं.

लिंक करताना 'डीएसओ मिसिंग फ्रॉम कमांड लाइन' (डीएसओ म्हणजे शेअर्ड लायब्ररीच) असं आलं, तर ज्या लायब्ररीचं फंक्शन तुम्ही स्वतः वापरता तिचं नाव कमांडमध्ये लिहा. दुसऱ्या लायब्ररीमार्फत ती येईल या भरवशावर राहू नका. फ्लॅग पाठ करून लिहिण्यापेक्षा लायब्ररीचे फ्लॅग सांगणाऱ्या पीकेजी-कॉन्फिगला विचारणं मला केव्हाही बरं वाटतं.

काम कारखान्यात नेण्याआधी मी आता बिल्ड झालेल्या फाइलवर 'रीडएल्फ डॅश डी' चालवतो; ती फाइलीत नोंदलेल्या लायब्ररी आणि पत्ते दाखवते. 'नीडेड'च्या ओळींत लिबपीएनजी आहे का आणि 'रनपाथ'मध्ये (आरपाथ इथेच दिसतो) अपेक्षित फोल्डर आहे का, हे पाहतो. मग प्रत्येक लायब्ररी कुठे सापडली हे दाखवणारं एलडीडी चालवतो. त्यात 'नॉट फाउंड' दिसलं, तर गाडी काढत नाही.