बंड्याला घेऊन समुद्राकाठच्या कॉटेजवर

'कुत्र्यांचं स्वागत' एवढं वाचून पैसे भरू नका. आम्ही भरले होते. इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या किनाऱ्याजवळचं कॉटेज, जाहिरातीत 'बंदिस्त बाग'. प्रत्यक्षात दगडी भिंत माझ्या गुडघ्याला लागत होती. बंड्या आमचा लॅब्राडोर, बत्तीस किलोचा. नवरा डिकीतून सामान काढेपर्यंत स्वारी भिंतीपलीकडे, आणि पलीकडे मेंढ्या! दोरी न घेताच मी चिखलात धावले. मेंढ्यांच्या मागे लागलेल्या कुत्र्याला शेतकऱ्याने गोळी घातली, तर काही परिस्थितीत कायदा त्याच्या बाजूने असतो, हे मला तोवर ठाऊकही नव्हतं.

तेव्हापासून मी फोनच करते. पहिला प्रश्न: कुंपण किती फूट, आणि फाटकाची कडी खाली वाकून लागते की नुसती अडकवायची? 'तसं बऱ्यापैकी आहे' असं उत्तर आलं तर पुढचं घर बघायचं. दुसरा: कुत्र्याला घरात एकटं ठेवलेलं चालतं का? बहुतेक ठिकाणी चालत नाही. म्हणजे जेवायला बाहेर जायचं तर कुत्र्याला आत घेणारा पब शोधणं आलं. माडीवर जायला बंदी असेल तर जिन्याला आडवं फाटक आहे का, तेही विचारा. नसेल तर बंड्यासारखा प्राणी रात्रभर जिन्याखाली रडतो आणि आपण पायरीवर बसून त्याला थोपटतो. कुत्र्यामागे वेगळे पैसे घेतात, ते धरूनच हिशोब करा.

मग किनारा. १ मे ते ३० सप्टेंबर इंग्लंडमधल्या अनेक किनाऱ्यांवर कुत्र्यांना बंदी असते. कुठे पूर्ण, कुठे ठरावीक भागापुरती, कुठे ठरावीक वेळेत. यॉर्कशरमधल्याच व्हिटबी गावाच्या मुख्य किनाऱ्याच्या काही भागात ती आहे. तिथून जवळच रॉबिन हूड्स बे हे गाव, तिथे मात्र बारा महिने कुत्री हुंदडतात, म्हणून आम्ही आता तिकडेच जातो. फक्त गाडी वरच्या अंगाला लावून खाली उतरायचं, आणि तो उतार गुडघे दुखणाऱ्यांसाठी नाही. आमच्या सासूबाईंनी एकदाच तो चढून पाहिला.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक निघायच्या आधीच बघा. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, कालच्या अंदाजावर आज जायचं नाही. रॉबिन हूड्स बेमध्ये भरतीला पाणी थेट गावाच्या उताराला येऊन भिडतं. ओहोटीला दक्षिणेकडे बॉगल होल या छोट्या खाडीपर्यंत खडकांवरून छान चालता येतं, पण परत येण्याएवढा वेळ हातात ठेवूनच. कड्यावरच्या वाटेवर दोरी सोडू नका. सीगल दिसला की कुत्र्याला कड्याचं भान राहत नाही. पडलाच तर स्वतः उतरायचं नाही, ९९९ ला फोन करून कोस्टगार्ड मागायचा.

गोडं पाणी आणि वाटी सोबत हवीच. तहानलेला कुत्रा समुद्राचं पाणी पितो, आणि त्याचा परिणाम रात्री कॉटेजच्या गालिच्यावर दिसतो. अधिक सांगत नाही.

पट्ट्यावर मालकाचं नाव-पत्ता असणं इथे कायद्यानेच लागतं. आम्ही दोघांचेही मोबाइल नंबर घातलेत, कारण कड्याखालच्या गावात एकाची रेंज जाते तेव्हा दुसऱ्याची असते. जुने टॉवेल चार घ्या, दोन पुरत नाहीत. आणि आपलीच एक जुनी चादर सोफ्यावर टाका. 'तो सोफ्यावर चढत नाही' असं घरमालकीणबाईंना मीही सांगते.

आम्हाला बहुतेक ठिकाणी सकाळी दहाला किल्ली द्यावी लागते. म्हणून शेवटच्या दिवशी बंड्याला साडेसातलाच फिरवते, तेही वरच्या, आता पायवाट झालेल्या जुन्या रेल्वेच्या वाटेवर. पाण्यात गेला तर घरापर्यंत खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात.