जबडा दुखतोय, झोपेत दात खाता? ऑपरेशनशिवाय काय काय करता येतं ते सांगते

सकाळी उठल्या उठल्या कानशिलं जड, जबडा आखडलेला, जांभई दिली की कानापाशी कट्‌ असा आवाज, आणि वर घरचं कोणीतरी सांगतं की रात्री तू करकर दात खात होतीस. हे सगळं ओळखीचं वाटत असेल तर नीट वाचा. मला हा त्रास दोन वर्षं होता आणि त्यातलं पहिलं वर्ष तर कान दुखतोय म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे फेऱ्या मारण्यातच गेलं, कान दर वेळी एकदम स्वच्छ निघायचा.

असं होतं कारण जबड्याचा सांधा कानाला अगदी लागून असतो. कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडा, बोटाखाली जे सरकतं तोच तो सांधा. दाराच्या बिजागरीसारखा तो नुसता फिरत नाही, तोंड मोठं उघडताना पुढे सरकतो पण, आणि मधे एक पातळ चकती असते ती त्याच्याबरोबर सरकते. चकती जरा जागेवरून हलली की कट्‌ वाजतं. नुसता आवाज आहे, दुखत नाही आणि तोंड पूर्ण उघडतंय, तर त्याला काहीही करू नका, खूप लोकांना असतो.

आता दातावर दात दाबून बघा, गालात टणक गोळा उभा राहतो आणि कानशिलावर पण हालचाल जाणवते. बहुतेकांचं दुखणं या स्नायूंचं असतं, सांधा नंतर येतो. घरी एक साधी टेस्ट करा, स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून पुढच्या दातांमधे जातात का बघा. जात असतील तर उघडणं साधारण ठीक आहे, म्हणजे ४० मिलिमीटरच्या आसपास. दोनच बोटं जेमतेम जात असतील, किंवा काल उघडत होतं आणि आज अचानक अडकलं असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका, लवकर डेंटिस्टला दाखवा.

आता मेन मुद्दा, आणि हा मला कुणी आधी सांगितला असता तर माझं एक वर्ष वाचलं असतं. तोंड मिटलेलं असताना वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेले नसायला हवेत. दात टेकतात ते चावताना आणि गिळताना, बाकी सगळा वेळ ओठ मिटलेले, दातांमधे जराशी फट, जीभ वरच्या पुढच्या दातांच्या मागे टाळूला हलकेच लागलेली, ही जबड्याची आरामाची पोझिशन. हळूच 'न' म्हणा आणि जीभ तिथेच राहू द्या, बस. मी लॅपटॉपच्या कोपऱ्यावर छोटा पिवळा ठिपका चिकटवला होता, दिसला की दात चेक करायचे, आणि पहिल्या दिवशी जवळजवळ दर वेळी दात घट्ट आवळलेलेच सापडले, ईमेल वाचताना तर इतके की गाल दगडासारखा. म्हणजे मी रात्रीला दोष देत होते आणि निम्मं काम दिवसाच चालू होतं. झोपेतलं दात खाणं आपल्या हातात नसतं हो, पण दिवसाचं आवळणं नक्की असतं, म्हणून सुरुवात तिथून करा, खर्च शून्य.

त्याच्या जोडीला शेक. ओलसर गरम टॉवेल दोन्ही गालांवर १५-२० मिनिटं, दिवसातून दोनदा. मग दात न टेकवता गालातल्या त्या गोळ्यावर दोन बोटांनी हळूहळू गोल मसाज, कानशिलावर पण. काही दिवस मऊ खायचं, छोटे घास, दोन्ही बाजूंनी चावायचं, च्युइंगगम पूर्ण बंद, नखं आणि पेन चावणं बंद. जांभई आली की मूठ हनुवटीखाली धरा म्हणजे तोंड भसकन उघडत नाही.

व्यायामात मला सगळ्यात उपयोगी पडला तो हा. आरशासमोर बसायचं, जीभ टाळूला लावायची आणि ती सुटू न देता तोंड जेवढं उघडेल तेवढंच हळू उघडायचं, हनुवटी सरळ खाली येतेय का बाजूला वळतेय ते बघायचं. मारियानो रोकाबादो नावाच्या चिलीच्या फिजिओथेरपिस्टची यावर एक पद्धतच आहे, सहा व्यायाम, प्रत्येक सहा वेळा, दिवसातून सहा वेळा. बाकीचे पाच फिजिओकडून समोर बसून शिका, मान आणि खांद्यांचे पण त्यात येतात. व्यायामाने कळ वाढत असेल तर थांबायचं, जोर लावायचा नाही.

आता डेंटिस्टकडे काय होतं ते. दात चपटे झालेत का, फिलिंग तुटलंय का, जिभेच्या कडेला दातांचे ठसे आहेत का, गालाच्या आत पांढरी रेघ आहे का, हे बघतात आणि स्नायू दाबून बघतात. मग बहुतेक वेळा स्प्लिंट म्हणजे नाइट गार्ड सुचवतात. दातांचं माप घेऊन कडक अॅक्रिलिकचा (म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक), सगळे दात झाकणारा बनवून घ्या. घरी गरम पाण्यात मऊ करून चावायचे तयार गार्ड मिळतात पण ते नीट बसत नाहीत आणि मऊ गार्ड काही जण उलट जास्तच चावतात. फक्त पुढच्या दातांवर बसणारे छोटे गार्ड असतात त्याबद्दल पण जपून, खूप दिवस वापरले तर चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची ठेवण, बदलू शकतो. बसवताना डेंटिस्ट रंगीत कागद मधे ठेवून चावायला लावतात, गार्डवर ठिपके उमटतात, जिथे गडद तिथे घासतात, असं दोन्ही बाजूंनी सारखे ठिपके येईपर्यंत चालतं. हे घाईघाईत उरकलं असेल तर परत जाऊन करून घ्या, हक्काने सांगा. पहिले काही दिवस लाळ जास्त येते, दात आवळल्यासारखे वाटतात. सकाळी काढल्यावर चावा थोडा वेगळा लागतो पण काही मिनिटांत पूर्ववत व्हायला हवा, नाही झाला तर वापर थांबवून कळवा. धुवायचा साध्या पाण्याने आणि ब्रशने, गरम पाण्याने वाकतो.

पण एक समजून घ्या, गार्डमुळे दात खाणं थांबत नाही, दात वाचतात. दोन महिन्यांनी माझा गार्ड उजेडात धरला तर दाढांच्या जागी गुळगुळीत चकाकणारे खड्डे पडलेले, तो जोर आधी माझ्या दातांवर पडत होता. आणि जुन्या दुखण्यासाठी तर २०२३ मधे बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात जी मार्गदर्शक तत्त्वं आली त्यात जास्त भर व्यायाम, फिजिओच्या हाताचे उपचार आणि सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी थेरपी) प्रकारच्या समुपदेशनावर आहे, दुखणं कमी करायला स्प्लिंटची शिफारस नाही. म्हणून नुसता गार्ड घेऊन गप्प बसू नका.

आणि हे अगदी कळकळीने सांगते, जबडा दुखतोय म्हणून चांगले दात घासून "चावा सेट करू", सगळ्यांना कॅप घालू, ब्रेसेस लावू असं कोणी म्हणालं तर लगेच हो म्हणू नका. १९३४ साली जेम्स कोस्टेन या कान-नाक-घशाच्या डॉक्टरने कान आणि जबड्याच्या दुखण्याचा संबंध पडलेल्या दाढांशी, चुकलेल्या चाव्याशी जोडला आणि तेव्हापासून ही कल्पना चिकटून राहिलीये, पण या दुखण्यावर चावा बदलून उपयोग होतो याला चांगला पुरावा नाही, आणि घासलेला दात परत येत नाही. जे उद्या थांबवता येईल तेच उपचार आधी, आणि शंका असेल तर दुसरं मत घ्या.

औषधं थोडक्यात. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या थोडे दिवस, डॉक्टरांना विचारून, पोटाचा-किडनीचा त्रास असेल तर आधी सांगून. बोटॉक्सच्या इंजेक्शनने स्नायूचा जोर कमी होतो पण तीन-चार महिन्यांत उतरतो, तो पहिला उपाय नाही.

झोपेकडे पण बघा. संध्याकाळनंतरची कॉफी, दारू, सिगरेट यांनी दात खाणं वाढतं. डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालिन, पण सुरू होऊ शकतं, मात्र गोळी स्वतःहून बंद करू नका, ज्यांनी दिली त्यांच्याशी बोला. घोरत असाल, झोपेत श्वास अडकतो असं कोणी सांगितलं असेल, तर गार्ड बनवायच्या आधी डेंटिस्टला सांगा, काहींचा तो त्रास गार्डने वाढू शकतो.

चालताना, जिना चढताना जबडा दुखून छातीत दाब येत असेल, किंवा पन्नाशीनंतर नव्याने कानशील दुखायला लागून चावताना जबडा थकतोय आणि नजर अंधुक होतेय, तर हे दाताचं काम नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. सूज आणि ताप, चेहरा बधिर होणं, तोंड उघडं राहून न मिटणं, याला पण थांबायचं नाही. बाकी साध्या दुखण्याला दिवसा दात आवळणं सोडणं, शेक आणि व्यायाम सहा-आठ आठवडे मनापासून करून बघा, आणि डेंटिस्टकडे जाताना दर वेळी गार्ड डबीत घालून सोबत न्या, त्यावरच्या खुणा बघूनच त्यांना कळतं रात्री काय चाललंय ते.