आठवड्याचे विज्ञान-कार्यक्रम कसे निवडावेत

आठवड्याभरात दूरचित्रवाणीवर आणि रेडिओवर विज्ञानाच्या नावाने जे प्रसारित होते, ते सगळे पाहणे-ऐकणे कोणालाच शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. आठवडा सुरू होण्यापूर्वी अर्धा तास काढून वेळापत्रके चाळावीत आणि दोन पाहण्याचे व दोन ऐकण्याचे, असे चारच कार्यक्रम ठरवून ठेवावेत. ऐनवेळी वाहिन्या बदलत बसले, तर बहुधा मधलाच भाग हाती लागतो आणि ज्या प्रश्नावर सारा कार्यक्रम उभा असतो, तो प्रश्न सुरुवातीलाच मांडून झालेला असतो.

निवडताना आधी पाहावे, की विषय डोळ्यांचा आहे की कानांचा. फुलासमोर हवेत स्थिर राहणाऱ्या हमिंगबर्डचे पंख सेकंदाला साधारण ५० वेळा हलतात. वेगवान कॅमेऱ्याने टिपून ते सावकाश दाखवले, तरच त्यांची गती उमगते, म्हणून असा विषय पडद्यावरच पाहावा. याउलट गुरुत्वीय लहरींवरचा, म्हणजे प्रचंड वस्तुमानांच्या हालचालींमुळे अवकाश-काळात उठणाऱ्या तरंगांवरचा, कार्यक्रम रेडिओवर असेल, तर तो मुळीच चुकवू नये. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिल्यांदा थेट नोंदल्या गेलेल्या या लहरींची वारंवारता सुमारे ०.२ सेकंदात ३५ वरून २५० हर्ट्झपर्यंत चढत गेली. हा पल्ला माणसाच्या श्रवणमर्यादेत बसत असल्यामुळे शास्त्रज्ञांनी त्या नोंदीचे ध्वनीत रूपांतर केले, आणि दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन होण्याच्या घटनेची नोंद कानांनी ऐकता येऊ लागली. मला स्वतःला कोणत्याही रंगीत चित्रफितीपेक्षा तो क्षणभराचा चढता सूर अधिक काही सांगून जातो.

युक्तिवादाचे विषयही रेडिओलाच मानवतात. बीबीसी रेडिओ ४ वर १९९८ साली सुरू झालेल्या ‘इन अवर टाइम’ या मालिकेत एका विषयावर साधारणपणे तीन अभ्यासकांशी चर्चा होते. तिचे सगळेच भाग विज्ञानाचे नसतात, त्यामुळे भागाचे शीर्षक पाहूनच वेळ राखून ठेवावी. दूरचित्रवाणीवर बीबीसीचाच ‘द स्काय अॅट नाइट’ हा खगोलशास्त्राचा कार्यक्रम एप्रिल १९५७ पासून चालू आहे. पॅट्रिक मूर यांनी डिसेंबर २०१२ मध्ये निधन होईपर्यंत तो सादर केला. तो दर आठवड्याला येत नाही, म्हणून त्याची तारीख आधीच टिपून ठेवणे बरे.

पुनःप्रसारणाबाबत विशेष सावध राहावे. कार्यक्रमाच्या अखेरच्या श्रेयनामावलीत निर्मितीचे वर्ष बहुधा दिलेले असते. ते पाहिल्याशिवाय त्यातली माहिती आजची समजू नये. प्लूटोला नववा ग्रह म्हणणारा कार्यक्रम ऑगस्ट २००६ पूर्वीचा, म्हणजे प्लूटोला ग्रहांच्या यादीतून वगळण्यापूर्वीचा, असण्याची दाट शक्यता असते आणि हिग्ज कणाचा (मूलभूत कणांना वस्तुमान कसे मिळते, याच्या सिद्धांतातील कणाचा) शोध अजून लागायचा आहे असे सांगणारा जुलै २०१२ पूर्वीचा. असे कार्यक्रम टाकाऊ मुळीच नसतात. त्या काळी कोणते प्रश्न खुले होते, हे त्यांतून फार चांगले कळते.

पाहताना दोन गोष्टी मनाशी ठेवाव्यात. अवरक्त दुर्बिणींच्या चित्रांतले रंग डोळ्यांना दिसणारे नसतात, ते तरंगलांबीनुसार नेमून दिलेले असतात. निसर्गपटांतले पावलांचे किंवा पंखांचे आवाजही अनेकदा नंतर ध्वनिमुद्रण-कक्षात तयार केलेले असतात. निवेदक हे स्पष्ट सांगत असेल, तर त्या कार्यक्रमावर अधिक विश्वास ठेवायला हरकत नाही. ‘शास्त्रज्ञ म्हणतात’ एवढ्यावरच भागवणाऱ्या आणि कोणी, कशाच्या आधारे व किती निश्चितपणे म्हटले हे न सांगणाऱ्या कार्यक्रमाची जागा पुढच्या आठवड्यात दुसऱ्याला द्यावी.

परदेशी प्रसारणाची वेळ जागतिक प्रमाणवेळेत दिलेली असेल, तर ती आपल्या वेळेत बदलून कागदावर लिहून ठेवावी. युरोपातील बहुतेक देशांत मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे बदलतात, तेव्हा तिथल्या कार्यक्रमांची आपल्याकडची वेळ तासाभराने सरकू शकते. नोबेल पुरस्कारांच्या घोषणा ऑक्टोबरच्या सुरुवातीला होतात आणि त्यांचे थेट प्रक्षेपण सहसा ठरल्या वेळी पाहता येते. अग्निबाणाच्या उड्डाणाचे तसे नसते. हवामानामुळे किंवा तांत्रिक अडचणीमुळे ते अगदी शेवटच्या मिनिटांतही पुढे ढकलले जाते, म्हणून त्या वेळेसाठी एखादा ध्वनिमुद्रित रेडिओ कार्यक्रम हाताशी ठेवावा.