कादंबरीवरच्या सिनेमाची परीक्षणं कशी वाचायची

आमच्या वाचनालयातली कात्रणांची फाईल माझ्याकडे असते. कादंबरीवर सिनेमा आला की लोक पुस्तक मागतात आणि वर विचारतात, "परीक्षणं काय म्हणतात हो?" किती तारे मिळाले ते मी सांगत नाही, फाईल पुढे करतो.

आधी 'मूळ कादंबरीला न्याय दिला' हे वाक्य शोधा. बहुतेक ठिकाणी सापडेलच. मग त्याच्या आसपास पुरावा आहे का बघा: गाळलेलं पात्र, बदललेला शेवट, एखादा प्रसंग. काहीच नसेल तर लिहिणाऱ्याने मलपृष्ठापलीकडे पुस्तक उघडलेलं नाही, असं मी धरून चालतो. पुस्तक न वाचता सिनेमावर लिहायला हरकत नाही. सिनेमा स्वतःच्या पायावर उभा आहे का, हे अशाच माणसाकडून कळतं. फक्त त्याने न्यायाधीश होऊ नये.

काही वेळा हा न्यायाचा प्रश्नच गैरलागू असतो. 'सिंहासन' (१९७९) अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून आला, पटकथा विजय तेंडुलकरांची. 'जोगवा'लाही (२००९) राजन गवसांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' अशा दोन कादंबऱ्यांचा आधार. तिथे काय उचललं, काय सोडलं आणि का, एवढंच परीक्षणात शोधायचं.

खरी परीक्षा 'शाळा'सारख्या पुस्तकाची. मिलिंद बोकीलांचा नववीतला मुकुंद जोशी सगळं स्वतः सांगतो आणि पुस्तकाची निम्मी गंमत त्या तिरकस सांगण्यात आहे. कॅमेऱ्याला मुकुंद दिसतो, त्याच्या डोक्यातली बडबड दिसत नाही. त्यामुळे 'पुस्तकाइतका भिडत नाही' असं वाचलंत की विचारा, निसटलं काय? घटना की आवाज? घटना निसटल्या असतील तर पटकथेकडे बोट दाखवता येईल. आवाज निसटला असेल, तर दिग्दर्शक सुजय डहाके यांनी तो कशाने भरून काढला, हे परीक्षणात यायला हवं. त्याला आवडणारी वर्गातली शिरोडकर समोर आल्यावर मुकुंदचा चेहरा कसा होतो, गोष्टीच्या काळातली आणीबाणी पडद्यावर कुठे जाणवते, यावर दोन ओळी लिहिणाऱ्याचं कात्रण मी वर लावतो. या सिनेमाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा आणि रूपांतरित पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या बातम्या वेगळ्या ठेवा. पुरस्कार म्हणजे समीक्षा नव्हे.

लेखक विशिष्ट मुलखातला असेल तर बोलीकडे लक्ष द्या. आनंद यादव कागलचे. त्यांच्या 'नटरंग'वरच्या सिनेमाबद्दल लिहायचं तर अतुल कुलकर्णींनी कमावलेलं आणि मग उतरवलेलं शरीर, अजय-अतुलची गाणी, यातच जागा भरून जाते. संवाद कोल्हापुरी वाटतात की ओढूनताणून आणलेले, हे परीक्षणात नसेल तर तिकडच्याच कुणाला विचारावं.

कात्रणावर तारीख टाका. सिनेमा शुक्रवारी लागतो, शनिवार-रविवारचं परीक्षण घाईत लिहिलेलं असतं. दिवाळी अंकातला लेख सावकाश येतो आणि पुष्कळदा वेगळंच बोलतो. वाचकांची पत्रंही सोडू नका. 'दुनियादारी'च्या (२०१३) वेळी सुहास शिरवळकरांचे कितीतरी चाहते बदलांवर नाराज होते आणि थिएटरं भरत होती. दोन्ही एकाच पानावर चिकटवा.

पुस्तक आधी की सिनेमा आधी? परीक्षणं तपासायची असतील तर सिनेमा आधी, पुस्तक नंतर, आणि परीक्षणं सगळ्यात शेवटी.