लेस्टर, लफबरा, ग्रूबी : इथली नावं कानाने शिका

मी 2004 साली सांगलीहून इंग्लंडला आले. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनात तिकिटाच्या खिडकीवर ‘लायसेस्टर’ मागितलं. समोरच्या माणसाला कळेना. मी तीनदा म्हटलं, मागची रांग वाढली, शेवटी कागदावर लिहून दिलं. ‘ओ, लेस्टर!’ म्हणत त्याने तिकीट दिलं. सांगलीत मी मुलांना इंग्रजी शिकवत होते, त्यामुळे ते फार लागलं. गाडीत बसल्यावर सारखं वाटत होतं, आपलं इंग्रजीच कच्चं आहे की काय. नवीन आलेल्या मुलामुलींच्या चेहऱ्यावर मला अजून तेच दिसतं, म्हणून हे लिहिते आहे.

इंग्रजी चांगलं असण्याचा आणि या नावांचा काही संबंध नाही. लंडनमध्ये जन्मलेला माणूसही आमच्या शेजारचं ग्रूबी पहिल्यांदा पाटीवर वाचतो तेव्हा ‘ग्रोबी’च म्हणतो.

लेस्टरच्या स्पेलिंगमधला शेवटचा ‘सेस्टर’ म्हणजे लॅटिनमधला ‘कास्त्रा’, रोमन सैन्याची छावणी. गावात ज्यूरी वॉल नावाची रोमन स्नानगृहाची भिंत अजून उभी आहे, ती पाहून या. मँचेस्टर, विंचेस्टर, कोलचेस्टर यांतला ‘चेस्टर’ही तोच. तिथे तो पूर्ण उच्चारतात, पण ‘सेस्टर’ लिहितात तिथे मधलं अक्षर बहुतेक गिळलं जातं : वुस्टर, ग्लॉस्टर, बिस्टर. टोस्टर नावाचंही गाव आहे, पाव भाजायच्या यंत्राच्या उच्चाराचंच. एवढं पाठ केलं की काम भागतं. अपवाद लक्षात ठेवायचा तो सायरनसेस्टरचा, तिथे सगळी अक्षरं म्हणतात.

लेस्टरजवळच्या लफबराचं कोडं जास्त गुंतागुंतीचं आहे. एकाच नावात ‘ओ-यू-जी-एच’ ही चार अक्षरं दोनदा येतात, पहिल्यांदा ‘अफ’ होतात आणि दुसऱ्यांदा नुसता ‘अ’. या ‘जीएच’च्या जागी जुन्या इंग्रजीत घशातून काढायचा, आपल्या ‘ख’च्या जवळचा आवाज होता. तो भाषेतून गेला, पण सगळीकडे सारखा गेला नाही : कुठे ‘फ’ झाला, कुठे ‘थ’, कुठे साफ बुजला. म्हणून लंडनजवळच्या स्लाउमध्ये तो ऐकूच येत नाही आणि यॉर्कशरमधलं एक गाव ‘कीथली’ झालं. दरम्यान 1476 मध्ये विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला होता. छापील स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं, तोंडातली भाषा मात्र पुढे चालत राहिली. आज पाटीवर दिसतो तो शेकडो वर्षांपूर्वीचा उच्चार, असं समजलात तर राग येणार नाही.

डार्बीला ‘डर्बी’ म्हणू नका. बार्कशर आणि हार्टफर्डही तसेच, लिहिताना ‘ई-आर’ आणि बोलताना ‘आ’. हे मराठी माणसाला सोपं जावं, कारण ऑफिसातल्या कारकुनाला आपण ‘क्लार्क’ म्हणतो. त्या शब्दाच्या स्पेलिंगमध्येही ‘ई-आर’च आहे. आपण तो ऐकून घेतला, वाचून नाही.

‘हॅम’ने संपणाऱ्या नावांत ‘ह’ विसरा : बर्मिंगम, नॉटिंगम, टॉटनम. ‘विच’ आणि ‘विक’मधला ‘व’ही बऱ्याचदा जातो : ग्रेनिच, वॉरिक, चिझिक. इप्सविचमध्ये मात्र राहतो, का ते विचारत बसू नका.

कधीकधी उलटंही होतं, म्हणजे स्पेलिंगच जिंकतं. जवळचं ग्रँथम घ्या. नाव मुळात ‘ग्रँट’ आणि ‘हॅम’ असं होतं. ‘टी’ आणि ‘एच’ शेजारी आले, लोकांनी ते जोडून ‘थ’ वाचलं आणि आता तोच उच्चार बरोबर. तिथून थोड्या अंतरावर एक किल्ला आहे, बहुतेक नवीन कुटुंबं पहिल्या उन्हाळ्यात तिथे जातात. स्पेलिंग फ्रेंच, ‘बेलव्वार’, म्हणजे सुंदर देखावा. उच्चार ‘बीव्हर’. नॉर्मन सरदारांनी नाव दिलं आणि गावकऱ्यांनी ते आपल्या जिभेला झेपेल तसं केलं.

आपल्याकडे लिहितो तसंच बोलतो, असं आपण अभिमानाने सांगतो. मीही सांगायचे. मग माझ्या एका हिंदीभाषक मैत्रिणीने जळगावचा ‘ज’ जेजुरीच्या ‘ज’सारखा म्हटला आणि मी थबकले. चाळीसगावचा ‘च’ आणि चिपळूणचा ‘च’ कागदावर एकच आहेत, तोंडात नाहीत. हे आपल्याला कुठल्या खुणेने सांगितलं? कुणीच नाही, आईच्या तोंडून ऐकलं. आणि ठाण्याचं इंग्रजी स्पेलिंग वाचून इथला शेजारी ‘थेन’ म्हणतो तेव्हा तो अडाणी नसतो, त्याने ठाणे ऐकलेलं नसतं.

तेव्हा ऐका. बसमध्ये हेडफोन काढून ठेवा, पुढच्या थांब्याचं नाव पुकारतात ते मनात म्हणा. पण घोषणा रेकॉर्ड केलेली असते, तिच्यापेक्षा थांब्यावरच्या म्हाताऱ्या माणसावर माझा जास्त विश्वास. ‘तुम्ही याला काय म्हणता?’ एवढं विचारलं की लोक आनंदाने सांगतात, पुष्कळदा गावाची गोष्टही सांगतात. लेस्टरला लागून असलेल्या ओडबीचं नाव मला अशाच एका आजींनी शिकवलं.

फोनवर मात्र नुसत्या उच्चारावर विसंबू नका. दवाखान्याच्या रिसेप्शनला, टॅक्सीला पत्ता सांगताना आधी पोस्टकोड द्या, मग गाव, आणि नाव अडलं तर एकेक अक्षर सुटं सांगा. 999 वर, म्हणजे इथल्या तातडीच्या मदतीच्या नंबरवर, फोन करावा लागला तर तेव्हा घाबरलेल्या जिभेला लफबरा जमणार नाही. घरातल्या मोठ्यांसाठी, विशेषतः भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांसाठी, पोस्टकोड मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावा आणि खाली गावाचं नाव देवनागरीत लिहा, बोलतात तसं. माझ्या फ्रिजवर सासूबाईंसाठी लावलेला तो कागद अजून आहे : ‘लेस्टर’, ‘लाय’ नाही, ‘सेस’ नाही.