फायनाइट एलिमेंटमधून सीमेवरचा फ्लक्स बरोबर कसा काढायचा

फायनाइट एलिमेंट पद्धतीत वस्तूचे छोटे तुकडे (एलिमेंट) पाडतात; त्यांची जाळी म्हणजे मेश, आणि तुकडे जिथे जोडले जातात ते बिंदू म्हणजे नोड. तापमान असो, पाण्याचा हेड (उंचीत मोजलेली पाण्याची पातळी) असो की विद्युत विभव, सॉल्व्हर आपल्याला नोडवरच्या किमती देतो. कामाला मात्र बहुतेक वेळा फ्लक्स (एकक क्षेत्रफळातून जाणारा प्रवाह) लागतो: भिंतीतून उष्णता किती जाते, बंधाऱ्याखालून पाणी किती पाझरतं. मग सर्रास सीमेलगतच्या एलिमेंटमधला ग्रेडियंट (अंतरागणिक किमतीतला बदल) घेतला जातो आणि वाहकतेने गुणला जातो. एकूण प्रवाह काढायला ही पद्धत वापरू नका. ती किती चुकते ते हाताने तपासता येतं.

१ मीटर जाडीची भिंत घ्या. वाहकता २ वॅट/मी·के., आत सगळीकडे ४०० वॅट/मी³ उष्णता तयार होते, दोन्ही पृष्ठभाग ३०° से.वर धरलेले. प्रत्येक बाजूने २०० वॅट/मी² बाहेर पडले पाहिजेत, हे उघडच आहे. ०.५ मीटरचे दोन रेषीय एलिमेंट घेतले की मधल्या नोडचं तापमान ५५° येतं, आणि ते तंतोतंत बरोबर असतं. तरी ग्रेडियंटवरून काढलेला फ्लक्स २ × २५ / ०.५ = १००, म्हणजे थेट निम्मा. चार एलिमेंटला १५०, आठला १७५. मेश दुप्पट बारीक केली की चूक फक्त निम्मी होते. कारण रेषीय एलिमेंटमधला ग्रेडियंट स्थिर असतो. खरं तर तो एलिमेंटच्या मध्याचा असतो, आणि आपण तो कडेचा म्हणून वाचतो.

आता त्याच दोन एलिमेंटमधून पहिल्या नोडची रिॲक्शन काढा, म्हणजे ठरवलेली किंमत टिकवायला त्या नोडमधून आत यावा लागणारा प्रवाह. वाहकता भागिले लांबी ४, आणि त्या नोडच्या वाट्याची उष्णता ४०० × ०.५ / २ = १००. म्हणून ४ × (३० − ५५) − १०० = −२००. ऋण चिन्ह म्हणजे उष्णता बाहेर जाते. उत्तर अचूक, तेही दोनच एलिमेंटमध्ये.

प्रोग्रॅममध्ये हे करताना सीमा-अटी (कडेवर ठरवलेल्या किमती) लावण्याआधीची वाहकतेची मूळ मॅट्रिक्स आणि लोड व्हेक्टर (प्रत्येक नोडच्या वाट्याचा स्रोत) जपून ठेवा. अटी लावताना ज्या ओळी पुसल्या जातात, नेमक्या त्याच पुढे लागतात. उत्तर मिळालं की मूळ मॅट्रिक्सला नोडच्या किमतींनी गुणा, लोड वजा करा, आणि ठरावीक किमतीच्या नोडवर जे उरेल ते बेरजेत घ्या. उरलेल्या नोडवर शून्य (राउंड-ऑफपुरतं) आलं नाही, तर अटी लावण्यात, समीकरणं सोडवण्यात किंवा मॅट्रिक्स जपण्यात चूक आहे. पेनल्टी पद्धत (मॅट्रिक्समध्ये खूप मोठी संख्या मिळवून किंमत ठरवणं) वापरली असेल तर पेनल्टीवरून रिॲक्शन काढू नका. दोन जवळजवळ सारख्या संख्यांच्या वजाबाकीत अंक हरवतात.

आतून स्रोत नसेल आणि हेड दोनच ठिकाणी ठरलेला असेल, तर आणखी एक तपासणी जरूर करा. किमतींचा व्हेक्टर, मॅट्रिक्स, पुन्हा तोच व्हेक्टर असा गुणाकार हेडच्या फरकाने भागला की एकूण प्रवाह मिळतो. तो रिॲक्शनच्या बेरजेशी जुळलाच पाहिजे. मेश बारीक करत गेलात की हा आकडा वरून खाली येत स्थिरावतो; तो वर चढू लागला तर मॉडेलमध्ये काहीतरी बदललं आहे.

आतल्या बिंदूंवर फ्लक्स हवा असेल तर ग्रेडियंटच लागतो, फक्त योग्य जागी वाचायचा: चार नोडच्या चौकोनात मध्यबिंदूवर, आठ नोडच्या चौकोनात २ × २ गॉस पॉइंटवर (एलिमेंटमधले इंटिग्रेशनचे चार ठरावीक बिंदू, मध्यापासून ±०.५७७वर, जिथे कड ±१ धरली आहे). तिथून नोडवर आणायला झिएन्कीविच आणि झू यांची १९९२ची पॅच रिकव्हरी (नोडभोवतीच्या एलिमेंटमधल्या किमतींवरून गुळगुळीत वक्र बसवणं) उत्तम. मात्र दोन वेगळ्या मातींच्या सीमेपलीकडे सरासरी घेऊ नका. तिथे लंब फ्लक्स सलग असतो, स्पर्शरेषेतला तुटतो.

बंधाऱ्याखालच्या पाझरात शीट पाइलच्या (जमिनीत ठोकलेल्या, पाझर अडवणाऱ्या पातळ भिंतीच्या) टोकाशी ग्रेडियंट अनंत असतो. मेश जितकी बारीक तितका तिथला आकडा मोठा, म्हणून तो अहवालात टाकू नका. बंधाऱ्याच्या फरशीच्या (तळाच्या पक्क्या थराच्या) खालच्या, म्हणजे प्रवाहाच्या दिशेच्या, टोकाला पाइल नसेल तर तिथेही हेच होतं. अभियंता खोसला यांच्या सूत्रात पाइलची खोली शून्य केली की एक्झिट ग्रेडियंट (पाणी जमिनीतून वर येतं तिथला ग्रेडियंट) अनंत होतो तो यामुळेच. पाइल असेल तर किंमत मर्यादित असते, आणि पडताळायला तेच सूत्र सोयीचं. हेड ६ मीटर, फरशी २४ मीटर, पाइल ६ मीटर असेल तर उत्तर सुमारे ०.२० येतं. सूत्र अमर्याद खोलीच्या मातीसाठी आहे, तेव्हा मॉडेल पुरेसं खोल आणि रुंद ठेवा. जाड वाळूला खोसलांची सुरक्षित एक्झिट ग्रेडियंटची मर्यादा १/५ ते १/६ आहे, त्यामुळे इथे थोडीशी चूकही महागात पडते.

हा ग्रेडियंटसुद्धा रिॲक्शनवरूनच काढा: नोडची रिॲक्शन भागिले पारगम्यता, भागिले त्या नोडच्या वाट्याची कडेची लांबी. पाइलला चिकटलेल्या शेवटच्या नोडच्या वाट्याला एलिमेंटची अर्धीच कड येते. पूर्ण कडेने भागलंत तर ग्रेडियंट निम्मा दिसेल, आणि धोक्यातला बंधारा हिशोबात सुरक्षित ठरेल.