नागपूरहून साल्झबर्गच्या संगीत महोत्सवाला जाताना या चुका टाळा

ऑस्ट्रियातील साल्झबर्ग येथे १९२० पासून भरणारा उन्हाळी महोत्सव जुलैच्या उत्तरार्धात सुरू होतो आणि ऑगस्टअखेरपर्यंत चालतो. तिकडे जाण्याचा बेत आखणारी नागपूरची मंडळी मला अधूनमधून भेटतात, आणि त्यांची तयारी ऐकली की त्याच त्या चुका पुन्हा दिसतात. साध्या सहलीत आज राहिलेले संग्रहालय उद्या पाहता येते. मैफल मात्र ठरल्या तारखेला, ठरल्या वेळी होऊन जाते. म्हणून सगळे नियोजन मैफलीच्या तारखेपासून मागे मागे करत आले पाहिजे, आणि नेमके तेच बहुतेकजण करत नाहीत.

सर्वांत आधी विमानाचे तिकीट काढणे ही यातली पहिली चूक. महोत्सवाची कार्यक्रमपत्रिका आदल्या हिवाळ्यातच जाहीर होते आणि गाजलेल्या ऑपेरांच्या जागांसाठी मागणीही तेव्हाच नोंदवावी लागते. एप्रिल-मेमध्ये जागे होणाऱ्यांच्या वाट्याला सहसा सर्वांत महागड्या जागा किंवा नको असलेले कार्यक्रम येतात. आधी मैफलीचे तिकीट, मग राहण्याची सोय, मग व्हिसा आणि शेवटी पैसे भरून विमान, हाच क्रम मी पाळतो. ऑस्ट्रियासह युरोपातील बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण काही प्रकरणांत ते पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतात आणि उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळण्यातच बराच काळ जातो. ‘दुसऱ्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते, तिथून अर्ज करा’ असे सांगणाऱ्या एजंटाचे मुळीच ऐकू नये. ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त, त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो. विमान जर्मनीतल्या म्युनिकला उतरणार असले तरी मुक्काम साल्झबर्गला असेल तर अर्ज ऑस्ट्रियाकडेच जातो.

दुसरी चूक खास आपली आहे आणि तिच्याविषयी मला थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. महोत्सवाचे दिवस म्हणजे मुंबईच्या मुसळधार पावसाचे दिवस, ही गोष्ट वेळापत्रक आखताना कोणाच्याही ध्यानात येत नाही. नागपूर ते मुंबई हे ८३७ किलोमीटरचे अंतर रात्रीच्या गाडीने कापायचे, सकाळी उतरायचे आणि त्याच दुपारी विमानात बसायचे, असा हिशेब सर्रास केला जातो. माझ्या परिचयातील प्रतापनगरच्या एका दांपत्याने हेच केले. पुढे रुळांवर पाणी साचल्यामुळे त्यांची गाडी इगतपुरीला तासन् तास उभी राहिली. अखेर ते टॅक्सी करून निघाले, परंतु रस्ताही तुंबलेला होता आणि ते विमानतळावर पोहोचले तेव्हा चेक-इन बंद झाले होते. गाडीचे आणि विमानाचे तिकीट वेगवेगळे असल्यामुळे गाडीच्या उशिराची जबाबदारी विमान कंपनीवर येत नव्हती. शिवाय पहिला टप्पा चुकवला की त्याच तिकिटावरचे पुढचे टप्पे आणि परतीचा प्रवासही सहसा रद्द होतो, हे त्यांना काउंटरसमोर उभे असताना कळले. ज्या मैफलीची त्यांनी हिवाळ्यापासून वाट पाहिली, ती त्यांच्याविना पार पडली. मुंबईतल्या एका रात्रीचे हॉटेलभाडे वाचवण्याचा सल्ला त्यांना ज्याने दिला, त्याचा मला आजही राग येतो. समृद्धी महामार्गाने जाऊ, असे हल्ली पुष्कळजण म्हणतात. पण तो रस्ता भिवंडीजवळ आमने येथे संपतो आणि पावसात खरी कोंडी त्यानंतरच असते. मी मुंबईला पूर्ण एक दिवस आधी पोहोचतो आणि विमानतळाजवळ राहतो. त्याहून चांगला उपाय म्हणजे नागपूरपासून थेट शेवटपर्यंत एकच विमान तिकीट काढणे, कारण मग मधले विमान चुकले तर पुढची सोय कंपनीला करून द्यावी लागते.

प्रवास विमा किमान ३०,००० युरोंच्या वैद्यकीय संरक्षणाचा घ्यावा, आणि त्याच्या तारखांत पुढेमागे थोडे दिवस ठेवावेत.

मुक्काम जुन्या शहरातच हवा असा हट्ट धरू नये. हालाइन किंवा सीमेपलीकडचे, जर्मनीतले फ्राइलासिंग ही गावे रेल्वेने जवळ आहेत. रात्रीची शेवटची गाडी मात्र तिकीट काढण्यापूर्वीच पाहून ठेवावी.

‘येडरमान’चे तिकीट मिळाले म्हणून आनंदून जाण्याआधी ते जर्मन भाषेतले नाटक आहे, ऑपेरा नव्हे, हे लक्षात घ्यावे. कॅथेड्रलसमोरच्या चौकात होणारा हा प्रयोग पाऊस आला तर सभागृहात हलवला जातो.

मैफलीच्याच दिवशी तिथे पोहोचण्याची घाई नवखी मंडळी हमखास करतात. उन्हाळ्यात ऑस्ट्रियाचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, त्यामुळे तिथे संध्याकाळी साडेसातला पडदा उघडतो तेव्हा आपल्या शरीराच्या लेखी रात्रीचे अकरा वाजलेले असतात. प्रवासाने थकलेला माणूस एवढा खर्च करून खुर्चीत झोपतो, हे मला पाहवत नाही. दोन रात्री आधी पोहोचावे. तिकिटावरची वेळही नीट वाचावी, कारण मोझार्टेउम सभागृहातल्या ‘मोझार्ट मॅटिने’ या दिवसाच्या मैफली सकाळी अकराला असतात आणि तिथे कार्यक्रम सुरू झाल्यावर, आपल्याकडे अनेकदा सोडतात तसे, मधूनच आत सोडत नाहीत.